गिरणी बंद पडल्यावरची शांतता किती सेकंदांची? छोट्या फिल्मसाठी अ‍ॅनिमॅटिक

शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "ताई, माझी टूडी फिल्म साडेपाच मिनिटांची आहे. नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळी ज्वारीचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जाते, तिचा नंबर येतो आणि नेमकी लाइट जाते. ती आणि गिरणीवाले काका अंधारात लाइटची वाट बघत बसतात, एवढीच गोष्ट. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रांत मांडलेली गोष्ट, झालाय, ९४ चित्रं आहेत. जमा करायला १४ आठवडे उरलेत. सर म्हणतात आधी अ‍ॅनिमॅटिक कर. त्यात तीन आठवडे जाणार, मग थेट अ‍ॅनिमेशनलाच हात घातला तर? आणि करायचंच झालं तर चित्रं किती फिनिश करायची?"

कर, नक्की कर. पण तीन आठवडे लावू नकोस, सहा-सात दिवस पुरे. आणि चित्रं अजिबात फिनिश करायची नाहीत. तुला तीन आठवडे लागतील असं वाटतंय, कारण अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची सुबक आवृत्ती असं तू धरून चालली आहेस. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचा हाच समज असतो.

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे बोर्डातली चित्रं खऱ्या लांबीने, कच्च्या आवाजासह टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर, मांडणं. त्यातून बघायचा असतो तो वेळ. भिंतीवर लावलेला बोर्ड आपण आपल्या चालीने वाचतो. चांगल्या चित्रापाशी थांबतो, कंटाळवाण्या चित्रावरून पुढे सरकतो, मध्ये कुणी शंका काढली तर तोंडाने खुलासाही करतो. प्रेक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. तू दिलेली सेकंदं त्याला तुझ्या क्रमाने बघावी लागतात. म्हणून बोर्ड सगळ्यांना आवडला, याचा फिल्म चालेल याच्याशी फारसा संबंध नसतो.

माझ्या स्वतःच्या विद्यार्थी-फिल्मला मी अ‍ॅनिमॅटिक केलं नव्हतं. बोर्डाचं कौतुक झालं आणि मी पहिल्या शॉटपासून कागदावर काढायला बसले. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा सगळं जोडून बघितलं, तेव्हा कळलं की सुरुवातीचा बाजाराचा प्रसंग ५२ सेकंद चालतो आणि त्यात गोष्टीला लागणारी माहिती एकच आहे. शेवटी तो ११ सेकंदांचा केला. ४१ सेकंदं, म्हणजे जवळजवळ पाचशे रंगवलेली चित्रं कपाटात गेली. त्यातली काही मी तोवर काढलेल्या चित्रांमधली सगळ्यात चांगली होती, त्यामुळे ती काढून टाकायला मन तयार व्हायलाच आठवडा गेला. तो आठवडा आणि ती चित्रं मला अजून आठवतात, म्हणून या बाबतीत मी मुलांच्या मागे लागते.

मोठ्या स्टुडिओंनीही ही पायरी चुका स्वस्तात करता याव्यात म्हणूनच ठेवली. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात गोष्टीची चित्रं टाचण्यांनी बोर्डावर लावायला लागले. पुढे तीच चित्रं फिल्मवर घेऊन, आवाजाबरोबर जोडून बघण्याची पद्धत पडली. त्या रिळाला लायका रील म्हणायचे, आजही जुने लोक तोच शब्द वापरतात. पिक्सारची पहिली मोठी फिल्म 'टॉय स्टोरी' १९९३ साली अशाच रिळावर अडली होती. डिस्नेच्या लोकांना स्टोरी रील दाखवलं, मुख्य पात्र कुजकट आणि नकोसं वाटलं आणि काम थांबवलं गेलं. पटकथा पुन्हा लिहून झाल्यावरच गाडी पुढे सरकली. त्या टप्प्यावर कळलं म्हणून ती दुरुस्त करता आली.

आता तुझा हिशेब करू. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंदं. सेकंदाला २४ फ्रेमने ७,९२० फ्रेम होतात. 'टूज'वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, ३,९६० चित्रं. तुझ्या १४ आठवड्यांतून रंग, कंपोझिटिंग (पात्रं, पार्श्वभूमी असे थर एकत्र जोडणं), आवाज आणि ऐन वेळी होणारे घोळ यांना तीन आठवडे काढून ठेव. उरतात ७७ दिवस. एकटी मुलगी रोज न चुकता ३५ नीट चित्रं काढत असेल तर ती उत्तम काम करते आहे असं मी म्हणेन, आणि त्या वेगाने साधारण २,७०० चित्रं होतील. टूजवर ती पावणेचार मिनिटांना पुरतात. म्हणजे आजच्या घडीला तुझ्या फिल्ममधली पावणेदोन मिनिटं तुझ्या हाताच्या आवाक्याबाहेर आहेत. ती कुठली, हे आत्ता ठरवायचं की बाराव्या आठवड्यात रडत ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आणि इथेच तुझी गोष्ट तुझ्या मदतीला येते. तू पाठवलेल्या बोर्डातली ६१ ते ६८ ही आठ चित्रं मी काल रात्री टाइमलाइनवर टाकून बघितली. लाइट जाते त्याच्या आगेमागेचा भाग. खुद्द लाइट जाण्याला बोर्डात तू दोनच चित्रं दिली आहेत: बल्ब विझतो, आणि अंधारात दोघांच्या आकृत्या. त्याउलट घरून गिरणीपर्यंतच्या वाटेला २२ चित्रं आहेत. माझ्याकडे गिरणीच्या आवाजाचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, ते खाली लावलं. आधी अंधाराचं चित्र तीन सेकंद ठेवलं. तेव्हा वाटलं, प्रसंग बदलला, आता दुसरं काहीतरी दिसेल. सहा सेकंदांवर अंधार आहे हे कळलं, पण पोचलं नाही. मग नऊ सेकंदं केली आणि आवाज सुटे करून मांडले. पहिली चार सेकंदं मोटर मंदावत जाते, पट्टा दोन-तीनदा सैल फटकतो. मग काका हातावरचं पीठ झटकतात, तो आवाज. मग काहीच नाही. आणि सातव्या सेकंदाला शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी. ती शिट्टी ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. गिरणीच्या घरघरीखाली अख्खी गल्ली इतका वेळ जिवंत होती, आणि ती ऐकू यायला गिरणी थांबावी लागली. तुझी फिल्म मला तिथे सापडली.

आणखी एक गोष्ट बघ. त्या नऊ सेकंदांत चित्र एकच आहे. टूजवर हलवलं असतं तर १०८ चित्रं लागली असती, तिथे काकांचा हात आणि मुलीची एक उघडझाप करणारी पापणी धरून सात-आठ पुरतील. तुझ्या फिल्ममधली सगळ्यात भारी जागा सगळ्यात कमी चित्रांत होते. उलट ती २२ चित्रांची वाट, डबा सावरत चालणारी मुलगी, मागे सरकणारी दुकानं, सायकलवाला, कुत्रं, ही प्रत्येक सेकंदाला पुरी बारा चित्रं मागते. तिथे कात्री चालव. तिला जिना उतरताना दाखव आणि थेट गिरणीच्या उंबऱ्यावर आण.

कामाला सुरुवात आवाजापासून कर, चित्रांपासून नको. संवाद आधी रेकॉर्ड कर, स्वतःच्या आवाजात चालेल. डोक्यावर गोधडी घेऊन फोनवर बोललीस तरी खोलीचा घुमारा बराच कमी होतो. काकांचं वाक्य तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडून बोलून घे, कारण आपण दुसऱ्याचं वाक्य वाचतो तेव्हा ते नेहमी भरभर वाचतो. "बस गं पोरी, येईल आता" एवढंच वाक्य तू मनात म्हटलंस तर एका सेकंदात संपतं. दिवसभर गिरणीत उभं राहिलेला माणूस ते अडीच सेकंदांत म्हणतो, आणि आधी एक सुस्कारा असतो. तो सुस्कारासुद्धा टाइमलाइनवर यायला हवा.

हालचालींचा वेळ मनाने ठरवू नकोस, उठून करून बघ. घरातला स्टीलचा मोठा डबा धान्याने भर, कमरेवर घे आणि चाल. फोनवर व्हिडिओ काढ आणि फ्रेम मोज. मोकळी चाल साधारण १२ फ्रेमला एक पाऊल अशी धरतात. डब्याच्या ओझ्याने ती १५-१६वर जाते आणि पावलं एकसारखीही राहत नाहीत, डब्याच्या बाजूचं पाऊल जड पडतं. डबा जमिनीवर ठेवण्याच्या क्रियेला माझी मुलं सर्रास अर्धा सेकंद देतात. करून बघितलं की दीड-दोन सेकंद लागतात: वाकणं, डब्याचा एक काठ आधी टेकणं, मग बूड बसणं, मग कंबर सरळ करणं. हे अ‍ॅनिमॅटिकमध्ये चार काड्यांच्या चित्रांनी दाखव, पण वेळ खरा दे.

चित्रांबद्दल विचारलंस. काडीमाणसं चालतील, फक्त तीन गोष्टी खऱ्या असू देत: माणूस फ्रेममध्ये किती मोठा आहे, कुठे आहे आणि कुठे बघतो आहे. मुलगी उजवीकडे बघत असेल आणि पुढच्या शॉटमध्ये काका पण उजवीकडेच बघत असतील, तर ते एकमेकांशी बोलत आहेत असं वाटणारच नाही. हा घोळ बोर्डावर लपतो आणि अ‍ॅनिमॅटिकमध्ये लगेच टोचतो. चेहऱ्यावरचे भाव, कपडे, छाया काही नको. उलट सुबक चित्र धोक्याचं. त्याच्यावर दोन तास घालवले की ते कापायला हात धजत नाही, आणि अ‍ॅनिमॅटिक असतं कापण्यासाठीच. माझा नियम असा की एका चित्राला तीन मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत. बोर्डातली ९४ चित्रं पुरणार नाहीत, तुझ्या फिल्मला १५०च्या आसपास लागतील. मुलगी मान वर करते, तर खाली मान आणि वर मान अशी दोन. तीन मिनिटांच्या हिशेबाने नवी साठ चित्रं तीन तासांत होतात.

हाताशी आहे ते सॉफ्टवेअर वापर. स्टोरीबोर्डर मोफत आहे आणि तिथे चित्र काढतानाच त्याची लांबी देता येते. क्रिटामध्येही २०२१च्या ५.० आवृत्तीपासून स्टोरीबोर्डची सोय आली आहे. ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल हे चित्रं काढायचं साधन येत असेल तर उत्तमच. मी स्वतः कागदावर काढून, फोनने फोटो घेऊन दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मांडते. पुढे फिल्मचं संकलन जिथे करायचं आहे तिथेच अ‍ॅनिमॅटिक मांड, हा एकच आग्रह. आणि २४ की २५ फ्रेम हे पहिल्या दिवशी ठरव. रिझॉल्व्हमध्ये एकदा कामाला लागल्यावर टाइमलाइनचा फ्रेम रेट बदलता येत नाही, आणि अर्धे शॉट २४ने, अर्धे २५ने काढलेली फिल्म निस्तरताना मी मुलांना रात्र रात्र जागताना बघितलंय.

शॉटना क्रमांक दहाच्या पटीत दे: ०१०, ०२०, ०३०. मध्ये एखादा शॉट घुसवावा लागतो, तेव्हा तो ०२५ होतो आणि बाकीच्यांची नावं बदलावी लागत नाहीत. प्रत्येक शॉटचा क्रमांक आणि चालू फ्रेम चित्राच्या कोपऱ्यात दिसेल असं कर. तुझे सर "ते मधलं जरा लांबलं" म्हणण्याऐवजी "०७० मध्ये ४० फ्रेम कमी कर" म्हणू लागतील, आणि तुझे कितीतरी तास वाचतील.

पहिल्यांदा मांडशील तेव्हा बहुतेक सगळे शॉट दोन-दोन सेकंदांचे होतील. सगळ्यांचंच होतं, हात आपोआप तेवढंच खेचतो. त्याने फिल्मला घड्याळाच्या लंबकासारखी एकसुरी चाल येते. मग मुद्दाम एक शॉट १४ फ्रेमचा कर आणि त्याच्या शेजारचा सहा सेकंदांचा, आणि बघ काय होतं. संवाद ज्याचा त्याच्याच चेहऱ्यावर पूर्ण ठेवू नकोस. काकांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मुलीच्या चेहऱ्यावर कट कर, उरलेलं तिच्या चेहऱ्यावर ऐकू दे. तुझ्या गोष्टीत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारी महत्त्वाची आहे.

दोन मोह टाळ. पहिला म्हणजे स्थिर चित्राला हळूहळू झूम देण्याचा. चित्र हलतं म्हणून बघवतं, पण फिल्ममध्ये तो झूम नसेल तर तू स्वतःलाच फसवलंस. कॅमेरा जिथे खरंच हलणार आहे, तिथेच हलव. दुसरा मोह संगीताचा, आणि तो जास्त घातक. दुसऱ्या कुठल्या तरी फिल्मचं हळवं पियानो खाली टाकलं की काहीही लांबी चालून जाते. ढिसाळ कटही अर्थपूर्ण वाटतो. नंतर ते संगीत काढावं लागतं आणि फिल्म खाली बसते. गिरणी, पट्टा, पावलं, कुकर, कुत्रं एवढ्यावर अ‍ॅनिमॅटिक उभं राहिलं पाहिजे. संगीत त्यानंतर.

एक उलटी सूचनाही देते. स्थिर चित्र बघताना आपण लवकर कंटाळतो, त्यामुळे अ‍ॅनिमॅटिक गरजेपेक्षा जास्त आवळलं जातं. प्रत्यक्ष हालचाल आली की तिला सुरुवातीला आणि शेवटी थोडी हवा लागते. जिथे पात्र काही कृती करतं, तिथे दोन्ही बाजूंना सहा-आठ फ्रेम राहू दे.

चौथ्या-पाचव्या दिवशी तीन माणसांना दाखव. तिघंच्या तिघं अ‍ॅनिमेशनवाले नकोत. एक घरातलं मोठं माणूस, एक शेजारचं लहान मूल आणि एक तुझ्या वर्गातलं, ज्याने बोर्ड बघितलेला नाही. आधी गोष्ट सांगू नकोस, मध्ये "इथे ना, ती खरं म्हणजे" असं अजिबात बोलू नकोस. पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बस आणि ते कधी हलले, कधी फोनकडे डोळे गेले तो टाइमकोड, म्हणजे फिल्ममधली नेमकी वेळ, लिहून ठेव. संपल्यावर "आवडलं का?" विचारू नकोस, लोक चांगुलपणाने हो म्हणतात. "काय झालं ते मला सांग" म्हण. मुलीचा नंबर कितवा होता, लाइट कधी गेली, ती घरी का गेली नाही, हे त्यांना सांगता आलं तर तुझी मांडणी पोचली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या अ‍ॅनिमॅटिकनंतर त्याच्या आजीने विचारलं, "तो मुलगा त्या बाईचा कोण?" अख्खी फिल्म त्या नात्यावर होती, आणि वर्गात कुणालाच ते खटकलं नव्हतं, कारण आम्ही सगळ्यांनी पटकथा वाचली होती. त्याने सुरुवातीला एक हाक घातली, "आत्या". बारा फ्रेममध्ये काम झालं.

त्यानंतर दोन दिवस दुरुस्त्या, आणि मग लॉक. लॉक म्हणजे खरंच लॉक: लांबीत बदल नाही. तुझी लांबी चार मिनिटांच्या आत आली पाहिजे. धान्य मोजण्याचा प्रसंग किंवा रांगेतल्या बायकांचं बोलणं, दोन्हीतलं एक जाईल असा माझा अंदाज आहे. कुठलं, ते टाइमलाइनवर बघून तूच ठरव.

लॉक झालेली टाइमलाइन फेकायची नसते. तीच तुझी फिल्म. एकेक शॉट रफ, म्हणजे कच्च्या रेषांत हलता, झाला की कच्च्या चित्राच्या जागी तो ठेव, क्लीनअप, म्हणजे रेषा साफ करून, झाला की त्याच्या जागी तो, रंग झाले की ते. कुठल्याही दिवशी प्ले दाबलं की अख्खी फिल्म शेवटपर्यंत चालते, काही रंगीत, काही पेन्सिलची, काही काडीमाणसांची. आणि शॉट क्रमाने करू नकोस. लाइट जाण्याचा प्रसंग पहिल्या तीन आठवड्यांत, हात ताजा असताना कर. जिना आणि उंबरा शेवटी. अगदीच वेळ अपुरा पडला तर ते शॉट आणखी साधे करता येतील, अंधार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कॅमेऱ्याने शूट करणार असेल, तर त्यांनी चित्रांऐवजी फोनने व्हिडिओ काढावेत. होस्टेलच्या खोलीत मित्रांना उभं करून, बादलीला डबा समजून सगळे शॉट घ्यावेत आणि जोडावेत. एका दुपारचं काम आहे, आणि भाड्याचा कॅमेरा दोन दिवस हवा की तीन, हे त्यावरून नेमकं कळतं.

तू उद्या संध्याकाळी डब्यांची रांग लागलेली असेल तेव्हा जवळच्या गिरणीत जा. वहीबरोबर फोन आणि घरचं दळणही ने, नुसतं उभं राहिलं की लोक कामात अडचण झाल्यासारखं बघतात. दळण चालू असताना पाच मिनिटं रेकॉर्ड कर. पीठ पडतं तिथे बांधलेल्या कापडावर काका मधूनमधून हात मारतात, तो थपथप आवाज जवळून घे. मग त्यांना विचार गिरणी कधी बंद करता, आणि बंद करतील त्याच्या आधीपासून, मोटर पूर्ण थांबून आणखी एक मिनिट होईपर्यंत, रेकॉर्डिंग चालू ठेव. त्या मिनिटात काहीही बोलू नकोस. ती फाइल टाइमलाइनवर सगळ्यात आधी टाक आणि शॉट ०१० तिच्या वर मांडायला घे.